सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये: शून्य बेरीज, फ्लॅट नंबरची तारीख आणि सॉर्टचा गोंधळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६४ फ्लॅटच्या सोसायटीचं खजिनदारपद नुकतंच गळ्यात पडलं आहे आणि आधीची वही एक्सेलमध्ये उतरवायची आहे. बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड केलं, तर जमा रकमांच्या कॉलमची बेरीज शून्य येते. इमारत ३, फ्लॅट ४ म्हणून ‘३/४’ लिहिलं की त्याची ३ एप्रिल होते. नावांनुसार सॉर्ट केलं तर नावं एकीकडे आणि रकमा दुसरीकडे गेल्या. थकबाकीवरच्या व्याजाचं सूत्र पहिल्या ओळीत बरोबर येतं आणि खाली ओढलं की शून्य. आणि शेवटी, “एक्सेलचा क्लास लावावा का?”

क्लासचं नंतर बघू. तुमच्या अडचणी चार दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. पहिली: सेलमध्ये जे साठवलेलं असतं आणि जे डोळ्यांना दिसतं, ते एकच असेल याची खात्री नसते. बेरीज आणि फ्लॅट नंबर या दोन्ही तक्रारी इथून येतात. दुसरी: वहीचं पान जसं आखायचो तशीच शीट आखली जाते. वहीत ते शोभतं, पण एक्सेलला ओळीचा ओळीशी संबंध आपोआप कळत नाही. ही दोन सूत्रं हाती लागली की नवीन अडचण आली तरी कुठे बघायचं ते कळतं, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकतो. खालचे मेनू संगणकावरच्या एक्सेलचे आहेत. गुगल शीट्स किंवा लिब्रे ऑफिसमध्ये तत्त्व तेच, मेनूची जागा वेगळी. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये यातली निम्मी सोय नसते. रोजच्या नोंदीला मोबाइल चालेल, पण फाइल बसवण्याचं काम संगणकावरच करा. तारखांचं वागणं संगणकाच्या रीजन सेटिंगवर ठरतं, त्यामुळे तीच फाइल सचिवांच्या लॅपटॉपवर वेगळी वागू शकते. आणि सूत्रं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना फंक्शनचं नाव, कॉलमचं अक्षर आणि आकडे इंग्रजी लिपीतच द्यायचे.

बेरजेपासून सुरुवात करू. बँकेच्या फाइलमध्ये रक्कम दिसते आकड्यासारखी, पण अनेकदा ती मजकूर म्हणून साठवलेली असते. ‘सम’ हे फंक्शन मजकुराकडे ढुंकूनही बघत नाही, तक्रारही करत नाही. म्हणून सगळा कॉलम मजकूर असेल तर उत्तर शून्य येतं. त्याहून वाईट म्हणजे निम्मा कॉलम मजकूर असला तर बेरीज खरी वाटेल अशी, पण कमी येते. गंमत अशी की ‘=डी२+डी३’ असं अधिक चिन्ह वापरलं तर एक्सेल त्याच मजकुराचा आकडा करून घेतं आणि उत्तर बरोबर देतं. इथेच नवा माणूस म्हणतो की एक्सेल बिघडलंय. ते बिघडलेलं नसतं, दोन्हींचे नियम वेगळे आहेत इतकंच.

ओळखायचं कसं? आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या. अर्थात कुणी मुद्दाम अलाइनमेंट बदललेली नसेल तर, म्हणून आधी अलाइनमेंटची बटणं बंद करून बघा. सेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असेल तर तीही खूण. सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे कॉलम निवडायचा आणि खिडकीच्या अगदी तळाची पट्टी बघायची. तिथे नुसता ‘काउंट’ दिसला आणि ‘सम’ दिसलाच नाही, तर एकही खरा आकडा नाही. थोडे खरे, थोडे खोटे असतील तर ‘=काउंट(डी२:डी२००)’ आणि ‘=काउंटए(डी२:डी२००)’ शेजारी शेजारी लिहा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेला प्रत्येक सेल. दोन्हींत जेवढा फरक, तेवढे सेल मजकुराचे.

आता दुरुस्ती. इथे जवळपास सगळे एकच उपाय आधी करतात: कॉलम निवडून फॉरमॅट ‘नंबर’ करतात आणि काहीच होत नाही. होणारही नाही. फॉरमॅट म्हणजे दाखवण्याची पद्धत, त्याने साठवलेली गोष्ट बदलत नाही. ती पुन्हा वाचून घ्यायला लावावी लागते. त्यासाठी सोपी युक्ती अशी: फॉरमॅट ‘जनरल’ ठेवून एकच कॉलम निवडा, डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काहीही न बदलता सरळ फिनिश दाबा. एक्सेल प्रत्येक सेल नव्याने वाचतं आणि जमेल तिथे आकडा करतं. दुसरी पद्धत: एखाद्या रिकाम्या सेलमध्ये १ लिहा, तो कॉपी करा, रकमांचा कॉलम निवडा, पेस्ट स्पेशलमध्ये मल्टिप्लाय निवडा.

तरीही काही सेल हट्टाने डावीकडेच राहिले, तर त्यांत काहीतरी जास्तीचं आहे. एखाद्या सेलवर एफ-२ दाबा आणि कर्सर आकड्याच्या पुढे किती सरकतो ते बघा. बँकेच्या वेबसाइटवरून आलेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा एक न दिसणारी जागा असते. ती नेहमीच्या स्पेसबारची नसते, म्हणून ‘ट्रिम’ फंक्शननेही जात नाही. त्याच सेलमधून ती जागा माउसने निवडून कॉपी करा, कंट्रोल आणि एच दाबा, ‘फाइंड’मध्ये पेस्ट करा, ‘रिप्लेस’ रिकामं ठेवा, रिप्लेस ऑल. मग पुन्हा टेक्स्ट टू कॉलम्स.

काही बँका रकमेच्या मागेच ‘सीआर’ (क्रेडिट, जमा) किंवा ‘डीआर’ (डेबिट, खर्च) चिकटवून देतात. इथे घाई करू नका. दोन्ही अक्षरं रिप्लेसने उडवली की जमा आणि खर्च एकाच चिन्हाचे होतात आणि लिफ्टच्या देखभालीचे गेलेले पैसे जमेत मिसळतात. आधी फिल्टर लावून ‘डीआर’वाल्या ओळी वेगळ्या काढा, शेजारच्या कॉलममध्ये ‘खर्च’ लिहा, मगच अक्षरं काढा.

हाताने भरताना दोन पथ्यं पाळा. ‘रु. १५००’ असं सेलमध्ये लिहू नका. नुसता आकडा लिहा, रुपयाचं चिन्ह आणि स्वल्पविराम फॉरमॅटकडून घ्या. आणि मराठी कीबोर्ड चालू ठेवून देवनागरी आकडे टाइप करणं टाळा. ते डावीकडे चिकटले की समजा मजकूर झाले. नावं मराठीत, आकडे इंग्रजीत, ही सवय लावून घेतली की पुढचा त्रास वाचतो.

बेरीज शून्य येण्याची आणखी दोन किरकोळ कारणं आहेत. बेरजेचा सेल स्वतःच बेरजेच्या टप्प्यात आला असेल तर एक्सेल ‘सर्क्युलर रेफरन्स’चा इशारा देऊन शून्य दाखवतं. टप्पा एक ओळ कमी करा. आणि आकडे बदलूनही उत्तर जुनंच राहत असेल तर फॉर्म्युलाज मेनूत कॅल्क्युलेशन ऑप्शन्स ‘मॅन्युअल’वर गेलं आहे का बघा, ते ऑटोमॅटिक करा.

आता ३/४. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक साधा आकडा. १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत जायचे. त्या हिशेबाने १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १७३९४, आणि १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. तुम्ही ३/४ लिहिलं की एक्सेलला ती चालू वर्षातली ३ एप्रिल वाटते आणि ते तेवढा आकडा साठवतं. तुमचं ३/४ तिथेच संपलं. म्हणून नंतर फॉरमॅट टेक्स्ट केलं तर ३/४ परत येत नाही, २०२५ सालात लिहिलेलं असेल तर ४५७५० दिसतं. हे बघून लोक घाबरतात, पण वर सांगितलेलंच आहे: दाखवणं बदललं, साठवलेलं तेच राहिलं.

उपाय म्हणजे टाइप करण्याआधी पूर्ण कॉलम टेक्स्ट फॉरमॅटमध्ये टाकायचा. एखाद-दुसराच सेल असेल तर सुरुवातीला अपॉस्ट्रॉफी द्यायची, ती दिसत नाही आणि छापलीही जात नाही. पण सोसायटीसाठी मी याहून वेगळं सुचवेन. फ्लॅटला तिरकी रेघ नसलेला ठरावीक कोड द्या: ‘बी-३०४’ किंवा ‘इ३-०४’ असा, सगळ्यांना सारख्याच लांबीचा. ०४ मधलं शून्य ठेवा, नाहीतर सॉर्ट करताना १० नंबर ४ च्या आधी येईल. इंग्रजी ‘ई’ विंग असेल तर आणखी एक सापळा आहे. तिसरा मजला, ई विंग, चौथा फ्लॅट म्हणून कुणी ‘३ई०४’ लिहिलं तर एक्सेल त्याला वैज्ञानिक पद्धतीचा आकडा समजतं आणि साठवतं ३०,०००. अक्षर आधी लिहिलं की हा प्रश्न उरत नाही.

हा प्रकार फक्त नवशिक्यांच्या वाट्याला येतो असं मात्र नाही. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावं मार्च-१, सेप्ट-१ अशा धाटणीची होती. संशोधकांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा होत राहिल्या आणि शेवटी नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलली. नवा नियम २०२० मध्ये जाहीर झाला. एक्सेलशी भांडण्यापेक्षा कोड बदलणं सोपं, हे तिथेही लक्षात आलं.

याच जातीची पण भरून न निघणारी चूक म्हणजे लांब आकडे. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच खरे साठवतं, त्यापुढच्या जागी शून्य घालतं. १६ अंकी खाते क्रमांक साध्या सेलमध्ये लिहिला की शेवटचा अंक शून्य होतो आणि तो परत मिळवायचा कुठलाही मार्ग नाही. १२ अंकी क्रमांकाचं तेवढं नुकसान होत नाही, मध्ये ‘ई’ असलेला विचित्र आकार दिसतो एवढंच, फॉरमॅट बदलला की तो नीट दिसतो. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही तो मजकूर म्हणूनच ठेवायचा: खाते क्रमांक, मोबाइल, पावती क्रमांक, चेक क्रमांक, यूपीआयचा संदर्भ क्रमांक.

तारखांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बँकेची फाइल वापरणार असाल तर हे गाठेलच. संगणकाचं रीजन अमेरिकेचं असेल तर एक्सेल आधी महिना, मग दिवस वाचतं. ०५/०४/२०२५ म्हणजे आपली ५ एप्रिल, ती ४ मे होऊन बसते. १३/०४/२०२५ मात्र वाचताच येत नाही कारण तेरावा महिना नाही, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहते. कॉलमकडे बघितलं तर काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे. माणूस डावीकडच्या ‘बिघडलेल्या’ दुरुस्त करायला बसतो. खरं तर डावीकडच्या शाबूत आहेत, चुकल्यात त्या उजवीकडच्या, आणि त्या बघून कळत नाहीत. अशी फाइल दुरुस्त करत बसू नका. ती टाका, विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा, एक्सेल बंद करून उघडा आणि फाइल नव्याने घ्या. गुगल शीट्समध्ये हेच फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल म्हणून मिळतं. तारखेचं फॉरमॅट महिना अक्षरांत दिसेल असं ठेवा, मग एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये मे दिसला की लगेच खटकतं. आजची तारीख घालायला कंट्रोल आणि अर्धविराम. आपल्याकडे हाताने लिहिताना ०५.०४.२०२५ असे ठिपके देतात, ते एक्सेलमध्ये नकोत. बहुधा मजकूर होतो.

सॉर्टकडे येऊ. काय झालं असेल ते सांगतो. तुम्ही फक्त नावांचा कॉलम निवडला, सॉर्ट दाबलं, एक्सेलने विचारलं की निवड वाढवू की आहे तेवढंच सॉर्ट करू, आणि तुम्ही दुसरा पर्याय घेतला. किंवा नावं आणि रकमा यांच्यामध्ये एक कॉलम दिसायला मोकळं बरं म्हणून रिकामा सोडला होता. एक्सेलच्या दृष्टीने रिकामा कॉलम म्हणजे तक्ता तिथे संपला. नावं हलली, पलीकडच्या रकमा जागच्या जागी राहिल्या. त्याच क्षणी कंट्रोल आणि झेड दाबलं तर सगळं मागे येतं. सेव्ह करून फाइल बंद केली असेल तर जुनी प्रत हाच उपाय. फाइल वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हवर असेल तर व्हर्जन हिस्टरीत सॉर्टच्या आधीची प्रत सापडेल. नसेल तर सोसायटीच्या वहीवरून नावं पुन्हा भरा. अंदाजाने जुळवत बसू नका, हिशेबाच्या बाबतीत ते महागात पडतं.

पुन्हा होऊ नये म्हणून तक्त्यात कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा. एक्सेल त्याचं ‘टेबल’ करतं आणि मग सॉर्ट नेहमी पूर्ण ओळीनेच होतं. नवीन ओळ खाली भरली की टेबल आपोआप वाढतं, सूत्रंही उतरतात. पहिल्या कॉलममध्ये अनुक्रमांक सूत्राने न देता टाइप करून ठेवा, कितीही सॉर्ट केलं तरी त्या कॉलमवर परत सॉर्ट केलं की मूळ क्रम मिळतो. शीर्षकाची ओळ एकच. मर्ज केलेले सेल अजिबात नकोत, सॉर्ट आणि फिल्टर दोन्ही त्याला अडखळतात. सोसायटीचं नाव मधोमध हवंच असेल तर सेल फॉरमॅटच्या अलाइनमेंटमध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे. दिसायला तेच, सेल मात्र वेगळे राहतात. आणि एकूण बेरीज तक्त्याच्या खाली चिकटवू नका, सॉर्टमध्ये तीही सभासद असल्यासारखी मध्ये घुसते. वर किंवा वेगळ्या शीटवर ठेवा.

मराठी नावांचा एक वेगळाच घोळ आहे. जुनी यादी कुणी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर सेलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. सॉर्ट त्या आतल्या अक्षरांवर होतं, म्हणून ‘अभ्यंकर’ कुठेतरी मध्येच सापडतात. ओळखायला सेलचा फॉन्ट बदलून मंगल करा. अगम्य अक्षरं दिसली तर जुना फॉन्ट. अशी यादी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागते आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात. ६४ नावांसाठी मी तर सरळ नव्याने टाइप करा म्हणेन, तासाभराचं काम आहे.

युनिकोडमध्येही नावावर विसंबून जुळणी करू नका. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ हे दिसतं तरी. ‘कऱ्हाडे’मधला तो ‘ऱ्ह’ दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना हुबेहूब सारखा, एक्सेलला मात्र दोन वेगळी माणसं. म्हणून दोन शीट जोडायच्या असतील तर फ्लॅटच्या कोडवर जोडा. नाव फक्त वाचण्यापुरतं.

व्याजाचं सूत्र खाली शून्य का येतं? समजा थकबाकी डी कॉलममध्ये आहे आणि व्याजाचा वार्षिक दर एच१ मध्ये. पहिल्या ओळीत ‘=डी२*एच१/१२’ बरोबर चालतं. खाली ओढलं की एक्सेल दोन्ही पत्ते एकेक ओळ खाली सरकवतं: ‘=डी३*एच२/१२’. एच२ रिकामा, म्हणून उत्तर शून्य. थकबाकीचा पत्ता सरकायलाच हवा, दराचा सरकायला नको. सरकू नये त्याला डॉलरचं कुलूप लावायचं: ‘=डी२*$एच$१/१२’. सूत्र लिहिताना कर्सर एच१ वर असताना एफ-४ ची कळ दाबली की डॉलर आपोआप लागतात, लॅपटॉपवर कधी कधी सोबत एफएन दाबावं लागतं. दर सूत्रातच लिहून टाकायचा मोह होईल. नको. सर्वसाधारण सभेने दर बदलला तर एक सेल बदलून काम झालं पाहिजे. तो लिहिताना टक्क्याच्या चिन्हासह लिहा, नुसता २१ लिहिला तर व्याज शंभरपट लागेल आणि सभासद तुमच्या दारात उभे राहतील.

इथेच दाखवणं आणि साठवणं पुन्हा आडवं येतं. १५०० रुपये थकबाकी, दर २१ टक्के, एका महिन्याचं व्याज २६.२५. तुम्ही दशांश लपवले की दिसतं २६. असे आठ सभासद असतील तर बिलांवर २६ आठ वेळा, म्हणजे २०८. एक्सेलची बेरीज म्हणते २१०, कारण ते आतल्या २६.२५ ची बेरीज करतं. ऑडिटर हा दोन रुपयांचा फरक बरोबर पकडतात. पैसे वसूल करायचेच नसतील तर सूत्रालाच पूर्णांक करायला सांगा: ‘=राउंड(डी२*$एच$१/१२,०)’. मग दिसतं तेच साठतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आखणी. वहीची सवय म्हणून बहुतेक खजिनदार ६४ ओळी आणि एप्रिल ते मार्च असे १२ कॉलम आखतात. सुरुवातीला छान दिसतं. मग कुणी दोन महिन्यांचे पैसे एकदम भरतो, कुणी अर्धेच भरतो, कुणाचा चेक परत येतो, कुणी मेंटेनन्स आणि बिनभोगवटा शुल्क (फ्लॅट भाड्याने दिला की लागतं ते) एकाच एनईएफटीने पाठवतो. त्या एका चौकोनात तारीख, पावती क्रमांक, रक्कम, सगळं कोंबावं लागतं. लोक मग ‘१५०० ता. ७ पावती ११२’ असं लिहितात आणि त्या सेलची बेरीज कायमची गेली.

त्याऐवजी चार शीट करा. ‘सभासद’मध्ये फ्लॅटचा कोड, नाव, मोबाइल, ३१ मार्चची थकबाकी: ६४ ओळी, वर्षभरात क्वचितच बदलणाऱ्या. ‘बिलं’मध्ये दर महिन्याला प्रत्येक फ्लॅटची एक ओळ, म्हणजे वर्षाला ७६८. ‘जमा’मध्ये आलेल्या प्रत्येक रकमेची एक ओळ: ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये फ्लॅटचा कोड, सी मध्ये बाब, डी मध्ये रक्कम, मग चेक की यूपीआय, पावती क्रमांक, बँकेचा संदर्भ क्रमांक. एकाच ट्रान्सफरमध्ये दोन बाबी असतील तर दोन ओळी, संदर्भ क्रमांक तोच. दोन महिन्यांचे एकदम भरले तर एक ओळ पुरते, कारण बिलं वेगळीकडे आहेत. चेक परत आला तर जुनी ओळ पुसू नका, उणे रकमेची नवीन ओळ घाला. त्या दिवशी बँकेतही तसंच घडलेलं असतं, त्यामुळे जुळणी सोपी जाते.

चौथी शीट ‘गोषवारा’. तिथे हाताने काहीच लिहायचं नाही, सगळी सूत्रं. फ्लॅटचा कोड ए२ मध्ये असेल तर त्याची एकूण जमा: ‘=समइफ्स(जमा!$डी$२:$डी$२०००,जमा!$बी$२:$बी$२०००,ए२)’. म्हणजे जमा शीटच्या बी कॉलममध्ये जिथे हा कोड आहे तिथल्या डी मधल्या रकमा मिळव. बिलांसाठी असंच दुसरं. येणं म्हणजे मागील थकबाकी अधिक बिलं वजा जमा. एका फ्लॅटला लिहा, ६४ ओळी खाली ओढा. महिनावार तक्ता हवा असेल तर जमा शीटवरून पिव्होट टेबल (नोंदींच्या गटवार बेरजा आपोआप मांडणारा तक्ता) करा, तुम्हाला आवडणारा तो १२ कॉलमचा चेहरा तिथे मिळतो, न लिहिता.

गोषवाऱ्याच्या माथ्यावर एक तपासणीचा सेल ठेवा: जमा शीटमधली सगळी बेरीज वजा गोषवाऱ्यातल्या ६४ फ्लॅटच्या जमेची बेरीज. तो शून्य असायलाच हवा. ३००० दिसले तर कुणाच्या तरी ३००० च्या ओळीत कोड चुकलाय, बहुधा शेवटी जास्तीची स्पेस आहे किंवा मधली रेघ राहिली आहे. हे मुळातच टाळायला बी कॉलम निवडून डेटा व्हॅलिडेशनमध्ये ‘लिस्ट’ द्या आणि सभासद शीटमधले कोड दाखवा. मग यादीतून निवडावंच लागतं, भलतं लिहिलं तर एक्सेल घेत नाही. एक लक्षात ठेवा, बाहेरून कॉपी करून पेस्ट केलं तर हा पहारा चुकवला जातो.

कोडवरून नाव आणायला लोक तुम्हाला व्हीलुकअप सांगतील. वापरा, पण त्याचा चौथा भाग ‘फॉल्स’ लिहिल्याशिवाय कंस बंद करू नका. तो वगळला तर एक्सेल जवळपासचं उत्तर चालेल असं धरतं, आणि यादी क्रमाने नसेल तर भलत्याच सभासदाचं नाव बिनबोभाट आणून ठेवतं. कोड न सापडल्याची चूक दिसली तर बरी, चुकीचं नाव दिसलं तर कळतच नाही. २०२१ किंवा ३६५ आवृत्ती असेल तर एक्सलुकअप घ्या, त्यात हा सापळा नाही. पण समितीतल्या कुणाकडे जुनं एक्सेल असेल तर तिथे ते चालणार नाही.

सेलमध्ये नुसते ‘####’ दिसले तर बहुतेक वेळा कॉलम अरुंद आहे, रुंद करा.

क्लासबद्दल. एवढ्या कामासाठी नको. क्लासमध्ये शंभर फंक्शनं दाखवतात, तुम्हाला लागतात सम, समइफ्स, राउंड, एक लुकअप, आणि फिल्टर, पिव्होट, व्हॅलिडेशन. त्यापेक्षा मागच्या वर्षाचा एक बंद झालेला महिना घ्या, ज्याचा वहीतला शेवटचा आकडा ऑडिट होऊन पक्का आहे, आणि तो वरच्या चार शीटमध्ये भरा. उत्तर जुळेपर्यंत शोधत राहा. कुठे जुळत नाही ते हुडकताना जे कळतं ते क्लासमध्ये मिळत नाही. तो महिना जुळला की १ एप्रिलपासूनचं भरायला घ्या.

भरायला घेण्याआधी फाइल कुठे राहणार तेही ठरवून टाका. एकच मूळ फाइल, ती ड्राइव्हवर, लिहिण्याचा हक्क तुम्हाला आणि फार तर सचिवांना. समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक्सेल फाइल टाकू नका. कुणीतरी ती फोनवर उघडतो, एक आकडा ‘दुरुस्त’ करतो, त्याच्या फोनमध्ये वेगळी प्रत तयार होते आणि महिन्याभराने तीच तुमच्याकडे ‘ताजी फाइल’ म्हणून परत येते. शिवाय त्यात सगळ्यांचे मोबाइल नंबर असतात. गटावर फक्त गोषवाऱ्याची पीडीएफ द्या, आणि दर महिन्याचं बिल काढून झालं की फाइलची एक प्रत ‘२०२५-०४’ अशा नावाने बाजूला ठेवा. वर्ष आधी, महिना नंतर लिहिला की फोल्डरमध्ये प्रती आपोआप क्रमाने लागतात.